भिंतीतल्या समुद्राचा मारेकरी

१

वामनरावांनी चहाची बशी तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. समोरच्या भिंतीतला समुद्र आजारी दिसत होता.

नागपुरात समुद्र, आणि तोही सक्करदऱ्यातल्या एका घराच्या भिंतीत, हे ऐकून कोणाला हसू आले तर खुशाल हसावे. सारा मोहल्ला वर्षभर हसतच होता. वामनराव बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले आणि लगेच त्यांच्या हृदयाने दगा दिला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "भांडू नका, धावपळ करू नका, डोळ्यांना थंड वाटेल असं काहीतरी बघत बसा." दुसऱ्या कोणी मोगरा लावला असता. वामनरावांना मुंबईच्या मत्स्यालयात तरुणपणी काचेमागे पाहिलेली प्रवाळाची बाग आठवली. बैठक आणि माजघर यांच्यामधली भिंत त्यांनी फोडायला घेतली, तेव्हा धाकटा भाऊ चंपतराव म्हणाला की डॉक्टरांनी बहुतेक डोक्याचेही औषध द्यायला हवे होते.

पण काम झाले, आणि सुरेख झाले. लोखंडी अँगलची चौकट, मिठाने खाऊ नये म्हणून तिला तेलरंगाचे तीन हात, इतवारीतून आणलेली जाड काच. खाऱ्या पाण्यापुढे काच बसवायची लांबी टिकेना, म्हणून दुबईतल्या मुलाने रबरासारखा मसाला नळ्यांतून पाठवला. मुंबईहून समुद्राचे पाणी कॅनमध्ये भरून गार्डाच्या डब्यातून आले. सीताबर्डीवर माशांचे दुकान चालवणाऱ्या भैय्याजीने जिवंत दगड, समुद्रफुले, तारामासा, शंखातल्या गोगलगाई आणि पारदर्शक कोळंब्या कुठून कुठून मिळवल्या. शेवटी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची एक जोडी आली. नागपूरच ते, घरात त्यांचे नाव लगेच 'संत्री' पडले.

बैठकीतून फक्त काच दिसे. झाकण, दिवे, हवेचा पंप हे सगळे मागे माजघरात, देवघराच्या शेजारी. घरातला एकुलता एक कूलरही तिथेच, कारण मे महिन्यात पाणी तापले की हे नाजूक जीव टिकत नाहीत. माणसे ओले पंचे अंगावर घेऊन झोपत.

आज समुद्रफुले ओल्या चिंधीसारखी लोंबत होती. तारामाशाचा एक हात विरघळला होता. गोगलगाई तर आधीच एकेक करून वाळूवर उलट्या पडल्या होत्या. संत्री मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी मजेत फिरत होती.

"कोणीतरी विष घातलं," वामनराव म्हणाले.

माजघरातून थोरली बहीण तुळसाबाई पदर सावरत आली. बुटकी, वाळलेली, आईमागे दोन्ही भावांना तिनेच वाढवलेले. भिवापूरला दिली होती. नवरा गेल्यावर मिरच्यांच्या पोत्यासह माहेरी आली, ती कायमची. टाचा उंच करून तिने काचेत पाहिले आणि हात जोडले.

चंपतराव हिंगण्याच्या कारखान्यात जायला निघाला होता. कंपनीची बस कोपऱ्यावर येण्याची वेळ झाली होती. मागच्याच आठवड्यात जेवताना घामाने निथळत तो म्हणाला होता, "एखाद दिवशी या डबक्यात मीच काही टाकतो, मंग कूलर आपल्याले भेटन." त्याची बायको जया तेवढी हसली होती. वामनराव हसले नव्हते, आणि विसरलेही नव्हते.

"चंपत, तू आता हिंगण्यालेच खोली पाहा. एका घरात राहून पाठीत सुरा खुपसून घ्याची माही तयारी नाही."

चंपतरावाने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पाहतो," एवढेच म्हणाला आणि गेला.

"वामन, चंपतनं नाही केलं रे," तुळसाबाई म्हणाली. पण रागाला कान नसतात.

२

दुपारी नानाजी आले. नानाजी म्हणजे रेल्वेच्या क्लेम खात्यातले निवृत्त इन्स्पेक्टर. हयातभर त्यांनी गहाळ पार्सले शोधली. नागपूरला चढवलेली संत्री भुसावळला कांदे होऊन का उतरतात, याचा छडा लावण्यात जन्म गेला. आता मोहल्ल्यात कोणाची किल्ली हरवली, कोणाची कोंबडी नाहीशी झाली, की लोक त्यांना बोलावत. वामनरावांशी त्यांची बुद्धिबळाची जुनी मैत्री.

"चौकशी कशाची करता, नानाजी? गुन्हेगार मले माहीत आहे," वामनराव म्हणाले.

"मंग मले काहून बोलावलं?"

 भावावर आळ घेताना आपली पूर्ण खात्री नाही, हे वामनरावांना स्वतःलाही कबूल करायचे नव्हते.

नानाजींनी चष्मा पुसला आणि काचेपुढे मांडी घालून बसले. "हे दोघं तं मस्त आहेत."

"मासे वाचले. बाकीचे चालले."

"असं?" नानाजी बराच वेळ संत्र्यांकडे पाहत राहिले. "भैय्याजीले बोलवा."

भैय्याजी सायकल दामटत आला. त्याने समुद्रफुलाला काडीने हळूच स्पर्श केला, पाण्याचा वास घेतला आणि चेहरा पाडला.

"दादासाहेब, मासा जिवंत अन् बिनहाडाचा जनावर खलास, असं एकाच चीजनं होते. तांबं. माशाले खाज झाली की आम्ही त्याच्या पाण्यात मोरचूदाचा, म्हणजे तांब्याच्या निळ्या खड्याचा, एक कण टाकतो, मासा बरा होते. पण ही फुलं, हे शंख, कोळंबी, यांच्यासाठी तांबं म्हणजे जहर. म्या तं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, या पाण्याच्या जवळ मोरचूद आणू नका म्हणून."

वामनराव ताडकन उठले. माजघराच्या कोपऱ्यात, भिवापुरी मिरच्यांच्या पोत्यामागे, एक निळसर डाग पडलेली थैली होती. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतला वाटा चंपतराव सुट्टीच्या दिवशी सांभाळी. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि मोरचूद कालवून मलम लावावे लागते, त्यासाठी आणलेली ती थैली.

तिचे तोंड सुटलेले होते.

३

"आता बोला," वामनराव म्हणाले. आवाजात विजय होता.

नानाजींनी थैली जिथल्या तिथे ठेवली. "क्लेम खात्यात मी एक शिकलो, वामनराव. गहाळ पार्सलात चोरीची थोडीच राहत. कोणीतरी लई जपून ठेवलं म्हणून गहाळ झालेली जास्त. मले घरच्या माणसांशी बोलू द्या."

जया स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. कपाळावर मखमली टिकली घामाने एका बाजूला सरकली होती. तिने आडपडदा ठेवला नाही.

"मले राग होता, नानाजी. होताच. लेकराले द्यावा तसा कूलर त्या पाण्यापाशी ठेवला, अन् आम्ही गच्चीवर डास मारून राहिलो. पण मारून काय भेटन? उद्या भाऊजी नवीन मासे आणतील, अन् दुसरा कूलरही माशांनाच."

"माजघरात कोणी काही करताना पाहिलं?"

"पाहिलं नाही. पण माही तिवई कधी कधी सकाळी जागेवर नसते. इथं ठेवतो, अन् सापडते त्या झाकणाखाली. मले वाटलं, भाऊजी दिवे पुसत असतील."

"मले काहून तिवई पाहिजे?" बाहेरून वामनराव म्हणाले. ते चांगले ताडमाड होते. झाकण त्यांच्या छातीला लागे, आणि चंपतराव तर त्यांच्याहून उंच.

 नानाजी देवघरापुढे बसलेल्या तुळसाबाईजवळ जाऊन बसले. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"बाई, तुमाले हा समुद्र आवडते?"

"न आवडाले काय झालं? वामन त्याच्यापुढं बसला की त्याचा श्वास कसा सरळ चालते. दवाखान्यात पाहिला होता म्या त्याले. नाकात नळी, हातात नळी. मले ओळखत नव्हता." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "आता ही जीवं मरून राहिली, तं माह्या जिवाले घोर लागला नानाजी. वाटते, माह्याच हातून काही राहून गेलं."

"काय राहून गेलं?"

तिने मान हलवली. सूप पुन्हा चालू झाले.

सायंकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली. चंपतराव आत आला, चपला काढल्या आणि खिशातून एक किल्ली काढून मेजावर ठेवली.

"हिंगण्याले खोली भेटली. उद्या सामान नेतो."

"चंपतराव," नानाजी म्हणाले, "मोरचूद शेवटी कधी काढला होता?"

"मागच्या पावसाळ्याआधी, बागेत लावाले. थैली बांधाची राहूनच गेली. काहून?" मग त्याने मोठ्या भावाकडे पाहिले आणि त्याला उलगडा झाला. "दादा, मी बोललो होतो. रागानं बोललो होतो. पण तुमचा जीव त्या पाण्यात आहे हे का मले समजत नाही?"

वामनराव दुसरीकडे पाहू लागले. त्यांना विश्वास ठेवायची फार इच्छा झाली होती, आणि त्या इच्छेचाच त्यांना राग आला.

नानाजी मात्र एव्हाना माजघरात झाकणाच्या कडेवर बोट फिरवत उभे होते. "वामनराव, इकडं या. हे काय?"

डाव्या मागच्या कोपऱ्यात, चौकटीवर, तांबूस डाग होता.

"गंज. खारं पाणी आहे, लागतोच."

नानाजींनी बोट डागावर घासले आणि थेट जिभेला लावले. तिथेच थांबलेला भैय्याजी "अरे अरे" करत राहिला.

"हा गंज नाही," नानाजी म्हणाले. "सगळ्यांना इथं बोलवा."

४

सगळे माजघरात जमले. कूलर घरघरत होता आणि समुद्र आजारी असला तरी ती घरातली सर्वांत थंड जागा होती, एवढे तरी खरे.

"तेलरंगाचे तीन हात," नानाजींनी सुरुवात केली, "अन् गंज फक्त एकाच जागी? मले तेव्हाच खटकलं. मंग वाटलं, मिरचीची पूड असन, पोतं जवळच आहे. पण भिवापुरी असती तं माही जीभ आतापर्यंत बोंबलली असती. हे कुंकू आहे."

सगळ्यांच्या नजरा जयाकडे वळल्या. तिने नकळत कपाळाला हात लावला.

"जयाबाई टिकली चिकटवतात. या घरात कुंकवाचा करंडा एकच, देवघरातला." नानाजी जरा थांबले. "आता सुरुवातीपासून पाहा. आपण वैरी शोधून राहिलो होतो. वैऱ्यानं पयले काय मारलं असतं? ही दोन संत्री. ज्याच्यावर मालकाचा जीव, जे पाहुण्याले दिसते. समुद्रफूल मेलं का झोपलं, हे आपल्याले भैय्याजीले विचारावं लागते. ज्यानं हे केलं, त्याले काहीच मारायचं नव्हतं."

"पण मोरचूद?" वामनराव म्हणाले.

"मोरचूद पाण्यात विरघळते. मूठभर टाकला असता तं सारं पाणी एकदम बिघडलं असतं, मासेही सुटले नसते. बरोबर ना, भैय्याजी?"

"सोळा आणे."

"मंग सांगा, वामनराव. तुम्ही रोज इथं डोळे लावून बसता. पयले कोण मेलं?"

वामनरावांनी आठवून पाहिले. दिवसभर ते फक्त कोणी मारले याचा विचार करत होते. "डाव्या मागच्या कोपऱ्यातल्या गोगलगाई. मंग त्या दगडावरच्या कोळंब्या. तारामासा तिथंच चिकटलेला राहत होता. समुद्रफुलं शेवटी."

"म्हणजे विष त्या कोपऱ्यातच बसलं आहे अन् हळूहळू झिरपून राहिलं. त्याच कोपऱ्याच्या वर कुंकू. खाली तिवई, म्हणजे माणूस बुटका. तांबं, कुंकू, अन् सकाळची वेळ. वामनराव, कुंकू वाहून कोणी विष घालत नाही. आपल्याले वैरी नाही, ज्याच्यावर कशाचे तरी उपकार झाले असं माणूस शोधाचं होतं."

सूप थांबले होते. तुळसाबाईच्या मांडीवर तांदूळ सांडले, ते तिला कळलेही नाही.

"हात घाला," नानाजी हळूच म्हणाले. "कोपऱ्यातल्या दगडामागं."

५

वामनरावांनी बाही वर सारली. पाणी गार होते. दगडामागच्या वाळूत बोटे रुतली आणि काहीतरी पातळ, गोल हाताला लागले. मग आणखी. त्यांनी मूठ बाहेर काढून उघडली.

हिरवी पडलेली तांब्याची नाणी होती. काहींवर राजाचा झिजलेला चेहरा, काहींच्या मध्ये भोक. वामनरावांना ती ओळखायला क्षणही लागला नाही. आईच्या बटव्यातले पैसे. लहानपणी भोकाचे पैसे दोऱ्यात ओवून चंपतच्या गळ्यात त्यांनीच घातले होते, आणि ते काढून घेताना चंपत दिवसभर रडला होता.

"बाई," ते म्हणाले. त्यांनी हात तिच्यापुढे धरला.

"म्या घातले," तुळसाबाई म्हणाली. "तांब्यानं ही जीवं मरतात, हे मले काय माहीत रे? नदी लागली की माय गाडीतून तांब्याचा पैसा टाके. पाण्याले तांबं वाहावं, पाणी शुद्ध राहते, असं सांगे."

"पण काहून, बाई?"

"तुले नळ्या लावल्या होत्या. डॉक्टर काही बोलत नव्हता. म्या भिंतीले डोकं टेकून म्हटलं, समुद्रदेवा, माह्या भावाले घरी येऊ दे, माह्या मायचे पैसे तुले वाहतो. मोठा नवस बोलावा, म्हणून समुद्राले बोलली. अन् तू घरी आला. आता समुद्राले जावं कसं? तू असा आजारी, चंपतची नोकरी. म्या कोणाले म्हटलं नाही. नवस फिटेपर्यंत बोलाचा नसते." तिने डोळे पुसले. "मंग तूच समुद्र घरी आणला. म्या म्हटलं, देव तरी किती सोय करते माणसाची. दर सोमवारी अंघोळ करून एक पैसा वाहत होती. मंग त्या गोगलगाई मेल्या. मले वाटलं, देव रागावला, उशीर झाला म्हणून. मंग म्या मूठभर टाकले."

 जयाने पुढे होऊन तिच्या मांडीवरचे तांदूळ सुपात भरले.

वामनरावांना वर्षभर वाटत होते की डॉक्टरांनी आणि गोळ्यांनी आपल्याला वाचवले, आणि थोडेफार या माशांनी. आपल्यासाठी कोणी भिंतीवर डोके टेकले होते, आणि ते ऋण फेडायला दर सोमवारी तिवईवर चढत होते, हे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांनी ओल्या हातांनी बहिणीचे पाय धरले. आपण जिवंत आहोत याचा इतका आनंद त्यांना दवाखान्यातून सुटतानाही झाला नव्हता.

मग ते उठले, मेजावरची किल्ली उचलली आणि चंपतरावापुढे उभे राहिले.

"माह्यावर रागाव, चंपत. पण जाऊ नको. माहं चुकलं."

"ही किल्ली मले परत कराले जावं लागन," चंपतराव म्हणाला. "अन् दादा, कूलर?"

"कूलर आता तुझाच. इथं थंड ठेवाले उरलं तरी काय?"

भैय्याजीने घसा साफ केला. "संत्री वाचतील, दादासाहेब. मी आजच दुकानात नेतो. पण हे पाणी फेका, वाळू फेका, दगडही तांबं प्याले आहेत, तेही फेका. नव्यानं समुद्राचं पाणी आणावं लागन."

नानाजींनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. "पाणी आणाले कोणाले तरी मुंबईले जावंच लागन, वामनराव. गार्डाच्या डब्यातून कॅन येतात, तशी माणसंही सीटवर बसून जातात म्हणे. डॉक्टरांना विचारून पाहा."

६

डॉक्टरांनी सावकाश जा म्हणून सांगितले. संत्री भैय्याजीच्या दुकानात पाहुणी राहिली, घर आणि दुसरा नवा कूलर जयाने सांभाळला, आणि तिन्ही भावंडे रिकामे कॅन घेऊन मुंबईला गेली.

ओहोटीच्या वेळी ती किनाऱ्यावर पोचली. चंपतराव पँट गुडघ्यापर्यंत वर करून कॅनसह लांब, स्वच्छ पाण्याकडे चालू लागला. तुळसाबाई मात्र जागच्या जागी उभी राहिली. तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत मान वळवावी लागत होती.

"बाई, भेव वाटून राहिलं का?"

"नाही रे. मोठा आहे." तिने वाकून बोट बुडवले आणि जिभेला लावले. मग हसली. "पण चव आपल्या घरच्यावाणीच आहे."

तिने बटवा उघडला. नाणी चिंचेने घासून तिने पुन्हा लखलखीत केली होती. कुंकू लावून, पुटपुटत, एकेक पैसा तिने लाटेत सोडला. एवढ्या पाण्याला त्याची दादही नव्हती. लाट यायची आणि पैसा कुठे गेला ते कळायचेही नाही. वामनराव तिचा दंड धरून उभे होते. त्यांचा श्वास अगदी सरळ चालला होता.

शेवटी एक भोकाचा पैसा उरला. तो तिने वामनरावांच्या हातावर ठेवला.

"हा माह्या नवसाचा नाही. तुले कोणाचं काही द्याचं असन तं तू टाक."

वामनरावांनी पैसा मुठीत धरला. दूर चंपतराव गुडघाभर पाण्यात उभा राहून कॅन तिरपा करत होता, आणि वाळू आत जाऊ नये म्हणून कॅनच्या तोंडाला पंचा बांधत होता. ज्या समुद्राने त्याला घराबाहेर काढले असते, त्याच समुद्राचे पाणी तो जपून भरत होता. वामनरावांनी डोळे मिटले, मनातल्या मनात एकच वाक्य म्हटले आणि पैसा लांब फेकला.

पैसा चंपतरावाच्या पलीकडे पाण्यात पडला. त्याने वळून पाहिले.

"दादा, काय फेकलं गा?"

"तुझी हिंगण्याची खोली," वामनराव म्हणाले, आणि दुसरा कॅन उचलून पाण्यात उतरले.